लिंबायतच्या खाडीचं निसर्गचित्र

‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की शाळेतली मुलं दोन त्रिकोणी डोंगर काढतात. मधल्या खिंडीतून अर्धा सूर्य डोकावतो, तिथूनच निळी नदी उतरते, काठाला कौलारू घर, एक नारळ आणि आभाळात पाच-सहा पक्षी. सांगलीच्या मुलाचं चित्र असंच, नागपूरच्या मुलीचं असंच आणि सुरतच्या लिंबायतमध्ये राहणाऱ्या मुलांचंही असंच.

लिंबायत हा सुरत शहराचा आग्नेयेकडचा भाग. जळगाव, धुळे, नंदुरबारहून लूमच्या खात्यांत, डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये आणि साडीच्या मार्केटात कामाला आलेल्या खान्देशी कुटुंबांनी तो गजबजलेला आहे. गल्लीत अहिराणी कानावर पडते, पालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, श्रावणात कानबाई देवी बसते. डोंगर मात्र एकही नाही. आहे ती तापीच्या गाळाची सपाट जमीन, तिच्यावर खेटून उभी राहिलेली घरं आणि त्यांच्यामधून वाट काढत जाणारी मिठी खाडी. पावसाळ्यात हीच खाडी घरात येते. तरीही चित्राच्या वहीत ती कधी येत नाही, कारण ती ‘निसर्ग’ आहे असं कुणाला वाटतच नाही.

ही गोष्ट चित्रकलेच्या मार्कांपुरती नाही. कोणती जमीन जपायची आणि कुठे भराव टाकला तरी चालेल, हे ठरवणाऱ्यांच्या डोक्यात निसर्गाचं एक चित्र आधीपासून असतं. जमीन वाचवण्याच्या आणि बिघडलेली जमीन पुन्हा सावरण्याच्या इतिहासात चित्रकारांचा हात अनेक ठिकाणी सापडतो. त्यांनी काही रानं वाचवली, काही पुरावे मागे ठेवले आणि काही गैरसमजही रुजवले.

चित्रकारांनी वाचवलेलं रान

पॅरिसच्या आग्नेयेला फोंतेनब्लोचं जंगल आहे. एकोणिसाव्या शतकात त्याच्या कडेच्या बार्बिझों या खेड्यात चित्रकार येऊन राहू लागले. त्याआधी निसर्ग हा बहुधा पुराणकथेतल्या प्रसंगाचा पडदा असे. या मंडळींनी जुने ओक, खडक आणि डबकी यांनाच चित्राचा विषय केलं. एकेका झाडासमोर तासन् तास बसल्यामुळे त्यांना जंगलात चाललेले बदल वनखात्याच्या अधिकाऱ्यांइतकेच, कदाचित आधीही, दिसू लागले. जुने ओक तुटत होते आणि त्यांच्या जागी लवकर वाढणाऱ्या पाइनच्या सरळ रांगा लागत होत्या. खात्याच्या हिशेबात ते वनीकरण होतं. चित्रकारांना ते रानाचं मरण वाटलं. त्यांच्यातल्या काहींनी पाइनची रोपं उपटूनही टाकली.

थेओदोर रूसो हा त्यांचा पुढारी. १८५२ साली त्याने तिसऱ्या नेपोलियनकडे अर्ज केला. दुसऱ्याच वर्षी सुमारे ६२४ हेक्टर जंगल तोडीतून वगळण्यात आलं आणि १८६१ च्या फर्मानाने जवळपास १,१०० हेक्टरला ‘कलेसाठी राखीव’ असा दर्जा मिळाला. नैसर्गिक परिसर राखून ठेवण्याचं हे आधुनिक काळातलं अगदी सुरुवातीचं सरकारी उदाहरण मानलं जातं आणि त्याचं कारण कागदोपत्री ‘कला’ असं नोंदलं गेलं.

अमेरिकेत अकरा वर्षांनी अशीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. १८७१ साली फर्डिनंड हेडन यांची सरकारी सर्वेक्षण मोहीम यलोस्टोनच्या प्रदेशात गेली. बरोबर टॉमस मोरन हा चित्रकार आणि विल्यम हेन्री जॅक्सन हा छायाचित्रकार होता. उकळते झरे, पिवळ्या कड्यांची दरी असं काही जगात असतं यावर पूर्वेकडच्या शहरांतले लोक विश्वास ठेवायला तयार नव्हते. मोरनची जलरंगातली चित्रं आणि जॅक्सनचे फोटो खासदारांपुढे ठेवले गेले. १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच वर्षी मोरनचं यलोस्टोनच्या दरीचं भव्य तैलचित्र अमेरिकी काँग्रेसने १०,००० डॉलरना विकत घेतलं.

पण या यशाला दुसरी बाजू आहे. अशा चित्रांतून हा मुलुख माणसाचा स्पर्श न झालेला वाटत होता. प्रत्यक्षात शोशोनी, बॅनॉक, क्रो अशा अनेक लोकांचं तिथे हजारो वर्षं जाणं-येणं, राहणं, शिकार करणं चालू होतं. उद्यान झाल्यावर त्यांना तिथून दूर ठेवण्यात आलं. चित्रात ज्यांना जागा नसते, त्यांना नंतर जमिनीवरही जागा मिळत नाही. खाडीकाठ ‘सुंदर’ करायच्या आपल्याकडच्या योजना वाचताना हे लक्षात ठेवायला हवं. संकल्पचित्रात हिरवळ, बाकडी आणि फिरायला आलेली माणसं असतात. काठावर आज कोण राहतं ते त्यात नसतं.

शेवाळाची रेघ

चित्र मन वळवतं, तसा ते पुरावाही देतं. याचं नामी उदाहरण व्हेनिसचं आहे. कानालेत्तो हा अठराव्या शतकातला चित्रकार कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरत असे. काळोख्या खोक्यात भिंगातून पडलेली प्रतिमा गिरवायची, अशी ही युक्ती. त्यामुळे त्याच्या चित्रातल्या इमारतींचे दरवाजे, पायऱ्या, दगडांचे थर मोजमाप घेता येईल इतके अचूक उतरले. त्याने आणि त्याचा भाचा बेलोत्तो याने आणखी एक बारकावा टिपला. कालव्याकाठच्या भिंतींवर भरतीचं पाणी जिथवर पोचतं तिथवर हिरवं-काळपट शेवाळ धरतं. त्याची वरची कडा त्यांनी जशीच्या तशी रंगवली.

दारिओ कामुफ्फो या इटालियन शास्त्रज्ञाने त्याच इमारतींवरची आजची शेवाळाची रेघ मोजली, चित्रातल्या रेघेशी ताडून पाहिली आणि मोटरबोटींच्या लाटांचा परिणाम वजा केला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की कानालेत्तोच्या काळापासून व्हेनिस पाण्याच्या तुलनेत सुमारे साठ सेंटिमीटर खाली गेलं आहे. काही वाटा वाढत्या समुद्राचा, काही खचत्या जमिनीचा. भरती मोजायची यंत्रं व्हेनिसमध्ये एकोणिसाव्या शतकात आली. त्याआधीच्या शतकाचा हिशेब चित्रांनी दिला.

सुरतकरांना असं गणित वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून जवळपास नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सुटलं आणि शहराचा बहुतांश भाग बुडाला. त्या पुराची खूण दाखवताना माणसं अजून जिन्याची पायरी किंवा खिडकीची चौकट सांगतात. फक्त आपल्याकडे ती रेघ चुन्याच्या पुढच्या हाताखाली जाते. कुणी ती कागदावर उतरवून ठेवत नाही.

नोंद नसल्याचा तोटा डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली नेमका मांडला. मासेमारीच्या अभ्यासकांची प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जेवढे मासे होते तेवढेच मुळात असायचे, असं धरून चालते आणि घट तिथून पुढे मोजते. पुढची पिढी त्याहून खालच्या पातळीपासून सुरुवात करते. अशा रीतीने ‘पूर्वी कसं होतं’ याची पातळी दर पिढीगणिक घसरत जाते आणि ती घसरते आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

लिंबायतसारख्या ठिकाणी ही घसरण जास्तच वेगाने होते. इथली बरीच घरं गेल्या चार-पाच दशकांत गाव सोडून आली. आल्या दिवसापासून ज्याने काळं पाणीच पाहिलं त्याला खाडी म्हणजे उघडं गटार वाटलं, तर त्यात त्याचा काय दोष? खाडीचं मूळ रूप ठाऊक असलेले लोक आसपासच्या जुन्या गावठाणांत आहेत, पण त्यांची आठवण आणि नव्या वस्तीची गरज यांची गाठ पडत नाही. परिसर सावरायचा तर आधी ‘कशासारखा करायचा’ हे ठरवावं लागतं. शास्त्रज्ञ त्याला संदर्भ परिसंस्था म्हणतात. तो संदर्भ जुन्या नकाशांतून, महसुली दप्तरांतून, गाळात अडकलेल्या परागकणांतून, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींतून आणि चित्रांतून जुळवत आणावा लागतो.

जुन्या सुरतेची चित्रं आहेत, नाहीत असं नाही. सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय पुस्तकांत सुरतेची खोदचित्रं सापडतात. पुढे तापी, तीत गलबतं, मागे किल्ला आणि तट. पाहणारा नदीवर उभा आहे आणि त्याला बंदर दिसतं आहे. शहराच्या मागच्या बाजूला शेतांतून वाहणाऱ्या खाड्यांशी व्यापाऱ्याचं काही काम नव्हतं, म्हणून त्या त्या चित्रांत नाहीत.

चार मराठी नजरा

मराठी चित्रकलेत निसर्गचित्राची परंपरा भक्कम आहे आणि तिची एक मोठी वाट कोल्हापुरातून निघते. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, शाहू छत्रपतींचे दरबारी चित्रकार झाले आणि १९३१ मध्ये वारले. कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेचा घाट असे कोल्हापूरच्या पायाखालचे विषय त्यांनी जलरंगांत वारंवार रंगवले. त्यांना काही वाचवायचं नव्हतं. पाण्यावरचा सकाळचा आणि संध्याकाळचा उजेड पकडायचा होता. पण आज रंकाळ्यातली जलपर्णी, तळ्यात येणारं सांडपाणी आणि पंचगंगेचं प्रदूषण यांच्यावर शहरात वाद चालतो, तेव्हा ती चित्रं नकळत साक्षीदार होऊन उभी राहतात. एके काळी हे पाणी पाहत बसण्यासारखं होतं, एवढं तरी त्यांच्यावरून सिद्ध होतं.

सुधीर पटवर्धनांची नजर वेगळी. १९४९ साली पुण्यात जन्मलेले पटवर्धन पेशाने क्ष-किरणतज्ज्ञ, ठाण्यात डॉक्टरकी करत त्यांनी चित्रं काढली. ‘टाउन’, ‘उल्हासनगर’, ‘लोअर परेल’ या त्यांच्या चित्रांत रेल्वे, पूल, चाळी, कारखाने, अर्धवट इमारती आणि कामावर निघालेली माणसं एकाच कॅनव्हासवर दाटलेली दिसतात. त्यातल्या ‘लोअर परेल’मध्ये गिरण्यांचा मुलुख बदलत जाताना दिसतो. शहराची कडा, जिथे गाव संपून बांधकाम सुरू होतं, तीही निसर्गचित्राचा विषय होऊ शकते हे त्यांनी मराठी प्रेक्षकाला दाखवलं. लूमच्या पत्र्यांची छपरं, फ्लायओव्हर आणि खाडी यांचं चित्र काढायला बसणाऱ्याला गुरू शोधायचा तर तो इथे आहे.

प्रभाकर पाचपुते यांनी तर खोदलेली, उलटीपालटी केलेली जमीनच विषय म्हणून घेतली. त्यांचा जन्म १९८६ चा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती या कोळसा खाणीच्या गावातला. घरातल्या पिढ्या खाणीत राबलेल्या. खैरागड आणि मग बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी कलेचं शिक्षण घेतलं. ते भिंतीच्या भिंती कोळशाने रेखाटतात. जमिनीतून जे काढलं त्यानेच जमिनीचं चित्र. त्यांच्या चित्रांत माती पोखरलेली असते, माणसाचं धड यंत्राला जोडलेलं असतं, जनावरं अर्धी अवजारं झालेली असतात. २०२१ साली वेल्समधल्या कार्डिफच्या ‘आर्टेस मुंडी’ पुरस्काराच्या मानकऱ्यांत ते होते. वेल्सही कोळशावर वाढलेला आणि खाणी बंद पडल्यावर रिकामा झालेला मुलुख, त्यामुळे चंद्रपूरची जमीन तिथल्या लोकांना परकी वाटली नाही. गमावलेल्या जमिनीचं चित्र देखणं असलंच पाहिजे ही सक्ती पाचपुते मानत नाहीत.

चौथी नजर सर्वांत जुनी आणि सुरतेला सर्वांत जवळची. सुरतहून मुंबईला जाताना डहाणू लागतं. त्या तालुक्यातल्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाष्णी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात. मध्ये पालघट ही वनस्पतींची, सुफलतेची देवी, भोवती झाडं, जनावरं, माणसं. जिव्या सोमा म्हशे यांनी ही लग्नाची भिंत कागदावर आणली आणि वारली चित्र जगभर पोचलं. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. २००३ साली ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताबरोबर त्यांचं प्रदर्शन झालं होतं. लाँग चालत जाऊन, दगड मांडून, मातीनेच कलाकृती करणारे. दोघांचं एकमेकांशी जुळलं यात नवल नाही.

युरोपीय निसर्गचित्रात बघणारा एका जागी उभा असतो आणि जमीन त्याच्यापुढे पसरत क्षितिजापर्यंत जाते. वारली चित्रात क्षितिज नसतं. झाडावर माकड, बुंध्याशी मुंग्या, शेतात लावणी, नदीत जाळं, हे सगळं एकाच वेळी चालू असतं आणि कुणी कुणाच्या मागे झाकलं जात नाही. कोण कशावर जगतं, याचाच तो आराखडा. परिसंस्थेचा शास्त्रज्ञ फळ्यावर अन्नसाखळी काढतो तेव्हा तोही क्षितिज काढत नाही. डहाणू तालुका १९९१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. भिंतीवरच्या चौकात हे नातं त्याच्या कितीतरी आधीपासून लिहिलं जात होतं.

खान्देशचा रंग हिरवा नाही

लिंबायतच्या घरांची मुळं जिथे आहेत तिथे जाऊ. तापी मध्य प्रदेशातल्या मुलताईला उगम पावते, खान्देशातून वाहते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास संपवून सुरतेजवळ समुद्राला मिळते. माणसंही त्याच वाटेने, तापी खोऱ्यातल्या रेल्वेने आली. त्यामागे कामाची ओढ होती, तशी धुपलेल्या उताराची, आटलेल्या विहिरीची ढकलही होती. म्हणून खान्देशातली जमीन सावरणं हा सुरतेच्याही गोष्टीचा भाग आहे.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने उजाड झालेलं चारशे हेक्टरांहून जास्त जंगल राखून परत आणलं. २०२५ च्या पद्मश्रीच्या यादीत पवारांचं नाव होतं. धुळे तालुक्यातल्या लामकानीची कथा थोडी निराळी आहे. तिथे डॉ. धनंजय नेवाडकर आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, उतारावर पाणी अडवलं आणि मोकाट चराईने उघडं पडलेलं माळरान पुन्हा गवताने झाकलं. बारीपाड्यात रान उभं राहिलं, लामकानीत गवत. दोन्ही यश आहेत, कारण दोन्ही ठिकाणी त्या जमिनीला जे साजतं तेच परत आलं.

इथेच चित्राच्या वहीतला हिरवा रंग अडचण करतो. खान्देशातल्या कमी पावसाच्या माळावर मारवेल, पवन्या, कुसळी ही गवतं दोन-तीन महिनेच हिरवी असतात. उरलेलं वर्ष तो माळ पिवळा, बदामी, तांबूस असतो. जलरंगाच्या पेटीतला यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना हे त्याचे खरे रंग. ज्याच्या डोक्यात निसर्ग म्हणजे गर्द हिरवा, त्याला असा माळ मेलेला वाटतो. सरकारी नकाशांत गवताळ रानांचा मोठा भाग ‘पडीक’ या सदरात जमा होतो. मग तिथे खड्डे खणले जातात, निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प लावलं जातं आणि वृक्षारोपणाचा आकडा जाहीर होतो. तणमोर, चिंकारा, लांडगा यांचं घर मात्र मोडतं आणि मेंढपाळाचं कुरण जातं. फोंतेनब्लोच्या चित्रकारांनी पाइनची रोपं उपटली त्यामागचा राग हाच होता. झाड लावलं म्हणजे जमीन सावरली असं नाही. तिथे काय होतं ते आधी पाहावं लागतं.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक परिसंस्थांच्या पुनरुज्जीवनासाठी जाहीर केलं आहे. बिघडलेल्या, जखमी किंवा नष्ट झालेल्या परिसंस्थेला सावरायला मदत करणं, अशी या कामाची व्याख्या केली जाते. त्यात ‘मदत’ हा भाग महत्त्वाचा. जमीन सावरते ती स्वतः. माणसाने तिच्या वाटेतले अडथळे काढायचे.

कडा कुठे आहे?

आता मिठी खाडीकडे येऊ. सुरतच्या पूर्व आणि दक्षिण भागात अशा खाड्यांचं जाळं आहे. मिठी, भेदवाड, कोयली, कांकरा. त्यांचं पाणी पुढे मिंढोळा नदीच्या मुखाकडे जातं. कामरेज, पलसाणा, बारडोलीकडे जोराचा पाऊस झाला की ते पाणी या खाड्यांतून शहरात उतरतं. त्याच वेळी समुद्राला मोठी भरती असेल तर खालून निचरा मंदावतो आणि पाणी मागे फुगतं. तापीला पूर नसतानाही लिंबायत, पर्वत गाम, गोडादरा या भागांत कमरेइतकं पाणी येतं ते यामुळे. सुरतेत त्याला खाडीपूर म्हणतात. जुलै २०२४ आणि जून २०२५ या लागोपाठच्या दोन पावसाळ्यांत शहराने तो अनुभवला.

टीपी स्कीमच्या, म्हणजे नगररचनेच्या, नकाशावर खाडी म्हणजे दोन समांतर रेघा. आत पाणी, बाहेर प्लॉट. कागदावर रेघ असली की जमिनीवर भिंत बांधता येते आणि भिंतीला लागून घर. जलरंगात काम करणाऱ्याला विचारलं तर तो अशी रेघ ओढणार नाही. ओल्या कागदावर ओला रंग सोडला की कडा पसरते, विरते. चित्रकार तिला हरवलेली कडा म्हणतात. ओहोटीला उघडा पडणारा चिखल, भरतीला बुडणारं गवत, पावसात महिनाभर पाण्याखाली जाणारी पट्टी या सगळ्याला अशीच कडा असते. खाडी कुठे संपते या प्रश्नाचं उत्तर ऋतूवर आणि तिथीवर अवलंबून असतं.

परिसंस्थेच्या दृष्टीने सगळी खरी कामं याच पट्ट्यात होतात. पाणकणीस आणि लव्हाळ्याची मुळं गाळ धरून ठेवतात. त्या मुळांशी वाढणारे जिवाणू सांडपाण्यातला नायट्रोजन पचवतात. वंचक, बगळे, शेकाट्या उथळ चिखलात पोट भरतात. मुखाकडच्या खाऱ्या भागात तिवरं लाटांचा जोर मोडतात. आणि पूर आला तर ही पट्टीच आधी पाणी पिऊन घेते. ती भराव टाकून मिटवली की पाणी जाणार कुठे? भिंतीमुळे एका वस्तीला आसरा मिळतो, पण वेग आणि उंची वाढलेलं पाणी पुढच्या वस्तीत किंवा गटारांतून उलटं त्याच वस्तीत शिरतं.

म्हणून खाडी सावरायची म्हणजे तिला शक्य तिथे तिची विरत जाणारी कडा परत द्यायची. सुरतेत याचे काही प्रयत्न झाले आहेत. अलथाण-भीमराडच्या बाजूला कांकरा खाडीच्या काठी महापालिकेने सुमारे ८७ हेक्टरवर जैवविविधता उद्यान हाती घेतलं. डुमसच्या वाटेवर गवियरचं तळं नेचर क्लब सुरत या संस्थेने पक्ष्यांसाठी जपलं. चीनमधल्या चंग्डू शहरात १९९८ साली बेट्सी डेमन या अमेरिकी कलावंतीणीने तिथल्या अभियंत्यांबरोबर एक पाऊल पुढे टाकलं. नदीकाठच्या अडीच हेक्टरांहून थोड्या कमी जागेत तिने ‘जिवंत पाण्याची बाग’ उभी केली. नदीचं मळकं पाणी तिथे आधी गाळ बसवणाऱ्या तळ्यात येतं, मग कोरलेल्या दगडी पन्हाळांतून हेलकावे खात हवा घेतं, लव्हाळ्यांच्या वाफ्यांतून झिरपतं आणि माशांच्या तळ्यांतून नदीत परत जातं. सांडपाण्याच्या केंद्रात पाइपांआड जे घडतं ते इथे मुलांना हाताने शिवून पाहता येतं. त्या बागेने सगळी नदी शुद्ध झाली नाही, होणारही नव्हती. पण पाणी कसं शुद्ध होतं हे शहराने डोळ्यांनी पाहिलं.

लिंबायतमध्ये ८७ हेक्टर मोकळे नाहीत. दाट वस्तीतून जाणाऱ्या खाडीला जागा द्यायची तर आज काठावर राहणाऱ्यांचं काय, हा प्रश्न पहिल्या ओळीतच येतो. यलोस्टोनच्या चित्राची चूक इथे करायची नाही. त्यांना पर्यायी घर कुठे, रोजगारापासून किती लांब, हे न ठरवता केलेली कुठलीही हिरवी योजना अन्यायाचीच होईल. काही भागात सांडपाण्याचे नळ खाडीत पडण्याआधी वळवणं, काही भागात भराव थांबवणं, एखाद्या वळणावर काँक्रीटऐवजी उतरता मातीचा काठ ठेवणं, एवढंही खूप आहे.

वर्षातून चार चित्रं

हे ठरवायला नोंदी लागतात आणि नोंदी ठेवायला प्रयोगशाळाच हवी असं नाही. एखाद्या शाळेने खाडीवरच्या पुलाचा एक सुरक्षित कठडा नक्की करावा आणि तिथून वर्षात चार वेळा तेच दृश्य काढावं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), पोळ्याला, दिवाळीत आणि होळीला. चार सण चार ऋतूंचे आहेत आणि खान्देशी घरात ते वेगळे लक्षात ठेवावे लागत नाहीत. साधी पेन्सिल आणि शाळेतली रंगपेटी पुरे. जागा मात्र दर वेळी तीच हवी आणि एक ठरलेली खूण चित्रात यायला हवी. पुलाचा खांब असेल, एखाद्या भिंतीचा कोपरा असेल. कानालेत्तोच्या दगडांच्या थरांनी केलं ते काम ही खूण करील.

चित्राखाली तारीख, वेळ, तिथी लिहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, त्यामुळे तिथीवरून पाण्याच्या पातळीचा अर्थ लावता येतो. पाण्याचा रंग दिसतो तसा लावावा, निळा नव्हे. कधी तो शेवाळी असेल, कधी चहासारखा, कधी कुठल्याशा डाइंगचा जांभळा. जलपर्णी कुठवर आली, पाणकणीस कुठे उरलं, बगळे किती होते, काठावर कोण काय करत होतं, हे समासात टिपावं. घरात खाडीचं पाणी शिरलं असेल तर त्या रेघेची उंची फुटपट्टीने मोजून लिहावी. वर्गातल्या कुणाचे आजी-आजोबा गावठाणातले असतील तर त्यांना पूर्वीचा काठ विचारून, त्यांच्या सांगण्यावरून एक वेगळं चित्र काढावं आणि ते ऐकीव आहे असं त्यावर स्पष्ट नोंदवावं. आठवण गोड करून सांगण्याची सवय सगळ्यांनाच असते, म्हणून दोघा-तिघांना वेगवेगळं विचारलेलं बरं.

अशाने कुणी आबालाल होणार नाही. पण एका जागेकडे दहा वर्षं पाहिलं की मुलांना कळेल की तिथे दर वर्षी काय बदलतं आणि काय कायमचं गेलं. कुठली कडा पाण्याची आहे आणि कुठली भरावाची, हे त्यांना नकाशाशिवाय ओळखता येईल. खाडीच्या कामाचा पुढचा आराखडा मंजुरीला येईल तेव्हा हे चाळीस कागद नगरसेवकाच्या टेबलावर असले, तर भिंत कुठे बांधायची आणि कुठे बांधायची नाही यावर बोलता येईल. ते नसले तर बोलणं राहील ते भिंतीला रंग कोणता द्यायचा एवढ्यापुरतं.